वाकेन, पण मोडणार नाही! घडीच्या फोनची खरी गोष्ट

(हे या भागाचं लिखित रूप. बोललो तेच ठेवलंय. अडखळणं, चहाचे घोट आणि मध्येच आलेली भंगारवाल्याची आरोळी तेवढी कापलीय. मेट्रोत बसल्यावर इअरफोन घरी राहिलाय हे ज्यांच्या लक्षात येतं, त्यांच्यासाठी खास.)

००:०० सुरुवात

मी पुण्यातून, कोथरूडमधल्या माझ्या खोलीतून बोलतोय. बाहेर पाऊस लागलाय, त्यामुळे पत्र्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्याभरात सगळ्यात जास्त आलेला मेसेज एकच आहे. "दादा, फोल्डेबल घेऊ का? ईएमआयवर मिळतोय." कोणी दिवाळीच्या बोनसवर नजर ठेवून विचारतंय, कोणी पहिल्या पगारावर. तर आज त्याचं उत्तर. पण हा रिव्ह्यू नाही. मी दोन वर्षं असा फोन घरात बघितलाय, त्याची स्क्रीन गेलेली बघितलीय, आणि त्याच्यामुळे माझ्या स्वतःच्या कामातली एक चूक मला कळलीय. ते सगळं सांगतो. आधी हा फोन वाकतो कसा, मग बिघडतो कसा, आणि शेवटी कोणी घ्यावा.

आपल्याकडे लोक अभिमानाने म्हणतात ना, "मोडेन पण वाकणार नाही"? काचेचा स्वभाव तसाच. ती वाकत नाही, थेट तुटते. घडीच्या फोनमागचं सगळं इंजिनिअरिंग काचेचा हा स्वभाव बदलण्यासाठी आहे.

०१:४० फोन घरात कसा आला

दोन वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या एकाने नवीन मॉडेल घेतलं आणि जुना फोन विकायला काढला. पुस्तकासारखा उघडणारा. मी सेकंड हँड घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे जे झालं ते कुठल्याही कंपनीच्या फोनचं होऊ शकतं.

खरं सांगायचं तर घेतला तो शायनिंग मारायलाच. हिंजवडीच्या कँटीनमध्ये चार दिवस मस्त भाव खाल्ला. टेबलावर ठेवायचा, टक् करून उघडायचा, सगळ्यांच्या माना वळायच्या. पाचव्या दिवशी कोणी बघेना.

मग एका रविवारी आईने सहज हातात घेतला. आई एकसष्ट वर्षांची आहे. चाळिशीचा चष्मा कधीच लागलाय, त्यामुळे तिच्या साध्या फोनवर अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलेली. म्हणजे व्हॉट्सॲपवर एका वेळी चार ओळी. पेपर वाचायचा तर दर दोन वाक्यांनी बोट वर. आणि काही ॲप्समध्ये अक्षरं इतकी मोठी केली की 'पुढे जा' हे बटणच स्क्रीनच्या खाली गायब होतं. ती म्हणायची, "हे ॲप बिघडलंय." मी म्हणायचो, "अगं, नीट बघ." चूक माझी होती, ते पुढे येईलच.

तर तिने तो फोन उघडला, पेपर लावला, आणि अर्धा तास काही बोललीच नाही. मग म्हणाली, "अरे, ह्यात अख्खा परिच्छेद दिसतो."

तो फोन मला परत मिळाला नाही.

०४:१० काच वाकते कशी? घडीच्या पोळीचं गणित

आता थोडं फिजिक्स. घाबरू नका, अकरावीच्या आतलंच आहे.

कुठलीही वस्तू वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. मधोमध एक पातळी अशी असते जिथे ताणही नसतो आणि दाबही नसतो. किती टक्के ताण पडतो त्याचं सूत्र सोपं आहे: जाडी भागिले वळणाच्या त्रिज्येची दुप्पट.

साध्या फोनवरची काच धरा ०.६ मिलिमीटर जाड. ती १.५ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणात वाकवायची, तर ०.६ भागिले ३, म्हणजे २० टक्के ताण. प्रत्यक्षात काच एखाद्या टक्क्याच्या आसपासच हात टेकते. २० टक्के म्हणजे चुरा.

आता तीच काच ३० मायक्रॉनची करा. ३० मायक्रॉन म्हणजे ०.०३ मिलिमीटर, आपल्या केसाच्या निम्म्याहून कमी. ०.०३ भागिले ३, म्हणजे १ टक्का. आता जमण्यासारखं झालं! पदार्थ काचच आहे, फक्त इतकी पातळ की ताण तिला सोसतो. या अतिपातळ काचेला इंडस्ट्रीत 'अल्ट्रा थिन ग्लास' म्हणतात. फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या सॅमसंगच्या गॅलेक्सी झेड फ्लिपमध्ये ती वापरली होती. त्याआधीच्या घडीच्या फोनांवर वरचा थर प्लास्टिकचाच असायचा.

पण स्क्रीनमध्ये एकटी काच नसते. वर संरक्षक फिल्म, मग काच, टचचा थर, प्रकाश देणारा थर, खाली आधार. हे सगळं घट्ट चिकटवलं तर एकच जाड फळी तयार होते आणि आपलं गणित परत बिघडतं. इथे मला आईची घडीची पोळी आठवते. पोळी लाटताना घडीच्या मध्ये तेल का लावतात? पदर सुटे राहावेत म्हणून. स्क्रीनमध्ये तेलाच्या जागी पारदर्शक आणि मऊ गोंद असतो. वाकवलं की थर एकमेकांवरून किंचित सरकतात, आणि प्रत्येक थर जणू एकटाच वाकतो. दोनशे पानी वही वाकवून बघा, पानांच्या कडा पायऱ्यांसारख्या सरकलेल्या दिसतील. तीच वही कडेने फेविकॉल लावून वाकवा, वाकणार नाही.

०७:३० प्रकाश देणारा थर

जुन्या एलसीडी स्क्रीनची अशी घडी घालणं अवघड. तिच्यात दोन काचांमध्ये द्रवस्फटिक असतात आणि मागून दिवा लागतो. दोन काचांमधलं अंतर सगळीकडे सारखं राहावं लागतं. वाकवलं की ते अंतर बदलतं.

ओएलईडीमध्ये मागचा दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या दोघांनी १९८७ मध्ये असा कमी व्होल्टवर चालणारा पातळ सेंद्रिय दिवा दाखवला, तिथून ही गाडी सुरू झाली. दिवा पातळ झाला, पण तो बसवायचा कशावर? काचेवर बसवला तर पुन्हा तेच. म्हणून पॉलिइमाइड नावाचं प्लास्टिक घेतात. याची खासियत म्हणजे ते कारखान्यातली कडक उष्णता सहन करतं. आधी काचेवर त्याचा द्रव पसरून पातळ थर करतात, त्यावर सगळं सर्किट बनवतात, आणि शेवटी लेझर मारून तो थर काचेपासून सोडवतात. काच म्हणजे फक्त पोळपाट. काम झालं की बाजूला.

हे पॉलिइमाइड तुम्ही बघितलंय बरं का. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या बाजूला मोबाइल रिपेअरवाल्याच्या टेबलावर पिवळट सोनेरी चिकटपट्टी असते ना, सोल्डरिंगच्या उष्णतेतही न वितळणारी? ती त्याच घराण्यातली.

आणि हो, पुणेकर म्हणून जरा कॉलर ताठ करायला जागा आहे. वाकणारी इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे एका बाजूला पॉलिमरचं शास्त्र आणि दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनिक मटेरियलचं. या दोन्ही विषयांत काम करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळा आपल्या पाषाणला आहेत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, १९५० पासूनची. आणि सी-मेट, जिथे इलेक्ट्रॉनिक्सला लागणाऱ्या पदार्थांवरच काम चालतं. फोनची स्क्रीन तिथे बनते असं मी म्हणत नाहीये. पण केमिस्ट्रीवाल्या मित्राला "तुझा फोनशी काय संबंध?" असं विचारण्याआधी जरा विचार करा. खास वाकणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्ससाठीचं राष्ट्रीय केंद्र मात्र आयआयटी कानपूरला आहे.

१०:२० बिजागरी, हीच खरी हिरोईन

लोक स्क्रीनचं कौतुक करतात. मी म्हणतो, बिजागरी बघा. कपाटाची बिजागरी दार फक्त उघडते आणि मिटते. फोनच्या बिजागरीला स्क्रीन कधीच चिमटायची नाही, मध्येच कुठल्याही कोनात थांबायचं, आणि वर धूळ आत जाऊ द्यायची नाही. त्यासाठी आत बारीक दाते, स्प्रिंगा आणि सरकणाऱ्या पट्ट्या असतात.

एक हुशारी सांगतो. फोन मिटला की बऱ्याच मॉडेलमध्ये स्क्रीन आत पाण्याच्या थेंबाच्या आकाराची होते. म्हणजे घडीपाशी ती चपटी दाबली जात नाही, गोलाकार फुगवटा घेते. आपलं सूत्र आठवा: त्रिज्या वाढली की ताण कमी. शिवाय फोनच्या दोन्ही पाळ्या मिटल्यावर एकमेकींना चिकटून बसतात, मध्ये फट राहत नाही.

बॅटरीचं काय? ती दुमडत नाही. दोन्ही बाजूंना एकेक बॅटरी, आणि बिजागरीतून जाणारी लवचिक पट्टी त्यांना जोडते. म्हणजे आपण 'वाकणारा फोन' म्हणतो तेव्हा वाकते फक्त मधली बोटभर जागा. बाकीचा फोन आपल्या नेहमीच्या फोनइतकाच ताठ.

१२:०० इतिहास, दोन मिनिटांत

२०१३ च्या जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात सॅमसंगने वाकणारी स्क्रीन दाखवली. नंतर पाच वर्षं आपण फक्त 'येणार, येणार' ऐकत होतो. २०१८ च्या शेवटी चीनच्या रोयोल कंपनीने फ्लेक्सपाय नावाचा घडीचा फोन आणला. फेब्रुवारी २०१९ मध्ये गॅलेक्सी फोल्ड जाहीर झाला, एप्रिलमध्ये बाजारात यायचा होता, आणि तिथे गंमत झाली. रिव्ह्यू करायला ज्यांना फोन दिले होते, त्यांच्यातल्या काहींनी वरची फिल्म स्क्रीनगार्ड समजून सोलून काढली! स्क्रीन गेली. काहींचे फोन फिल्म न काढताही बिघडले. विक्री पुढे ढकलली, सुधारणा केल्या, आणि फोन सप्टेंबरमध्ये आला. भारतात ऑक्टोबरमध्ये, १,६४,९९९ रुपयांना.

आपल्याकडे टीव्हीच्या रिमोटची प्लास्टिकची पिशवी दहा वर्षं निघत नाही. त्यामुळे हा फोन आधी आपल्याच घरी टेस्टिंगला द्यायला हवा होता, असं माझं प्रामाणिक मत आहे.

तेव्हापासून बराच फरक पडला. तो पहिला फोल्ड मिटल्यावर १५ मिलिमीटरपेक्षा जाड होता. २०२५ चा गॅलेक्सी झेड फोल्ड ७ मिटल्यावर ८.९ आणि उघडल्यावर ४.२ मिलिमीटर आहे. किंमतही दोन टोकांची झाली. टेक्नोने सप्टेंबर २०२३ मध्ये फँटम व्ही फ्लिप भारतात ४९,९९९ ला आणला. दुसऱ्या टोकाला फोल्ड ७ सुरुवातीलाच १,७४,९९९. चोवीस महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यावर सुद्धा महिन्याला सुमारे ७,३०० रुपये होतात. कोणाकोणाचं पीजीचं भाडं तेवढं असतं.

१४:५० आता कडू भाग

गेल्या जुलैत आईच्या फोनवर घडीच्या रेषेपाशी एक काळा ठिपका दिसला. तिला वाटलं डाळीचा शिंतोडा. पुसला, गेला नाही. आठवड्याभरात ठिपक्याची रेघ झाली, आणि मग अर्धी स्क्रीन गेली.

असं का होतं? ओएलईडीच्या सेंद्रिय थराला ओल आणि ऑक्सिजन अजिबात चालत नाही. म्हणून त्यावर अत्यंत पातळ असे संरक्षक थर एकाआड एक दिलेले असतात. रोजच्या उघडझापीत, किंवा आत शिरलेल्या एखाद्या कणाच्या टोचणीने, त्यांना कुठे बारीकशी चीर पडली की ओल आत जाते आणि ठिपका पसरत जातो. आमच्या फोनचं नेमकं काय झालं ते उघडून कोणी बघितलं नाही, पण लक्षण हेच होतं.

मी तपकीर गल्लीच्या परिसरातल्या एका ओळखीच्या रिपेअरवाल्या काकांकडे गेलो. माझा कॉलेजपासूनचा प्रत्येक फोन त्यांनी जिवंत केलाय. त्यांनी हातात घेतला, उघडला, मिटला, आणि परत दिला. म्हणाले, "ह्याची स्क्रीन मी बदलणार नाही. पार्ट मिळाला तरी घडी नीट बसली नाही तर तुझे पैसे वाया." मला त्यांचा आदर वाटला. पण काळजीही वाटली, कारण पुण्यातला आपला नेहमीचा आधारच इथे संपत होता. अधिकृत सेंटरवर सांगितलेली रक्कम एका चांगल्या नव्या फोनएवढी होती.

ही गोष्ट खरेदीच्या आधी कोणी सांगत नाही. साध्या फोनची काच फुटली तर चार दुकानांत भाव करता येतो. घडीच्या फोनची आतली स्क्रीन म्हणजे बऱ्याचदा एकच दार. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टलही सुरू केलं. घडीच्या फोनसारख्या वस्तूसाठी तो विषय किती महत्त्वाचा आहे, ते मला तेव्हा पटलं.

१७:४० दोन लाख घड्या

"पण दादा, कंपनी म्हणते दोन लाख वेळा घडी घातली तरी चालतो!" बरोबर. हिशोब करू. दिवसाला १०० वेळा उघडला तर दोन लाख म्हणजे २,००० दिवस, जवळपास साडेपाच वर्षं. २०२५ मध्ये सॅमसंगने नव्या स्क्रीनसाठी पाच लाख घड्यांच्या चाचणीचा आकडा दिला. आकडे खोटे नाहीत. पण ते घड्या मोजतात. चाचणीचं यंत्र दरवेळी सरळ, एकाच गतीने मिटतं. आपण एका हाताने, कोपऱ्याला धरून, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी घेऊन मिटतो.

आणि धूळ. खोक्यावर 'आयपी४८' लिहिलेलं असतं ते असं वाचायचं: दुसरा आकडा पाण्याचा, ८ म्हणजे ठरावीक खोलीच्या गोड्या पाण्यात ठरावीक वेळ ठीक. पहिला आकडा घन कणांचा. ४ म्हणजे एक मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या वस्तूंपासून संरक्षण. हिंजवडीच्या रस्त्यावरची धूळ एक मिलिमीटरची असते का? तुम्हीच सांगा. साध्या महागड्या फोनवर 'आयपी६८' असतं, त्यातला ६ म्हणजे धूळ पूर्ण बंद. घडीच्या फोनमध्ये हे गूगलने २०२५ च्या पिक्सेल १० प्रो फोल्डमध्ये पहिल्यांदा आणलं. म्हणजे प्रश्न सुटतोय, पण आत्ता आत्ता.

१९:५० माझी चूक

आता स्क्रीन जाण्याच्या आधीची एक गोष्ट. आई आणि तिच्या दोन मैत्रिणी गाणगापूरला जाणार होत्या. आई एका ॲपवर बुकिंग करत होती. तिघींची नावं, वयं, सगळं मोठ्या स्क्रीनवर नीट भरलं. तेवढ्यात बेल वाजली. दूधवाला. तिने फोन मिटला, पैसे दिले, परत उघडला. फॉर्म कोरा!

तिने पुन्हा भरला. कुकरची शिट्टी झाली, फोन मिटला, फॉर्म कोरा. तिसऱ्यांदाही तेच. संध्याकाळी मी आलो तेव्हा म्हणाली, "माझंच काहीतरी चुकतंय. तू भरून दे."

मंडळी, तिचं काहीच चुकत नव्हतं. फोन उघडला किंवा मिटला की स्क्रीनचा आकार बदलतो. अँड्रॉइड तेव्हा त्या ॲपला म्हणतं, "जागा बदलली, नव्याने मांडणी कर." नेहमीच्या पद्धतीत जुना पडदा नष्ट होतो आणि नवा तयार होतो. त्याआधी भरलेली माहिती बाजूला जपून ठेवणं, हे ॲप लिहिणाऱ्याचं काम. त्याने नाही ठेवली तर पाटी कोरी. फोन आडवा केल्यावर फॉर्म उडतो तो याच कारणाने. तिथे आपण पळवाट काढतो: ॲप उभंच राहील असं कुलूप लावतो आणि बग झाकून टाकतो. घडीच्या फोनवर ते कुलूप चालत नाही.

मी रागारागाने म्हणालो, "काय आळशी लोक आहेत!" आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमचं स्वतःचं ॲप घडीच्या फोनवर चालवून बघितलं. पाच पानांचा फॉर्म. चौथ्या पानावर फोन मिटला. पाटी कोरी. तो कोड कोणी लिहिला होता ते बघितलं. माझं नाव. अक्षरं मोठी केल्यावर 'पुढे जा' बटण गायब होणं? तेही होतं. तेही माझंच. दोन वर्षं मी आईला "नीट बघ" म्हणत होतो.

श्रोत्यांमध्ये बरेच जण कोडिंग शिकताय म्हणून सांगतो. घडीचे फोन थोडे आहेत म्हणून हे टाळू नका. हाच बग टॅबलेटवर, दोन ॲप शेजारी शेजारी उघडल्यावर आणि साध्या फोनवर अक्षरं मोठी केल्यावरही चावतो. आणि गूगलही आता ऐकत नाही. २०२५ च्या अँड्रॉइड १६ साठी बनवलेल्या ॲप्सना मोठ्या स्क्रीनवर 'मी उभाच राहणार' हा हट्ट सहसा धरता येत नाही. खेळांना तेवढी सूट आहे.

२३:१० मग रोज उपयोग काय?

दोन वर्षांत मला जे खरोखर उपयोगी दिसलं, तेवढंच सांगतो.

पहिलं, वाचन. मोठी अक्षरं हवी असलेल्या कोणालाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणारा माझा एक मित्र एमपीएससी करतो. त्याने आठवडाभर हा फोन वापरला, एका बाजूला पीडीएफ आणि दुसऱ्या बाजूला नोट्स. परत देताना त्याचा चेहरा पडला होता.

दुसरं, स्वतःच्या पायावर उभं राहणं. अर्धा उघडून ठेवला की फोन हाच स्टँड. ताई व्हिडिओ कॉलवर आणि आई दोन्ही हातांनी पोळ्या लाटतेय, हे आमच्या घरी रोजचं. ढोल पथकातले मित्र नदीपात्रात सराव करताना फोन असाच कट्ट्यावर ठेवून रेकॉर्ड करतात.

तिसरं, छोटा होणारा फ्लिप. मुलींच्या जीन्सला खिसा म्हणून जे काही देतात, त्यातही तो मावतो. बाहेरच्या छोट्या स्क्रीनवर वेळ, मेसेज, गाणी, न उघडता. आणि न उघडल्यामुळे रील्स बघणंही जरा कमी होतं, असं एक मैत्रीण सांगते. तिच्यावर विश्वास ठेवायचा का ते तुम्ही ठरवा.

चौथं, ऑफिस. भावाच्या लग्नात, अक्षता पडायच्या दहा मिनिटं आधी सर्व्हर पडला. आईचा फोन मागून घेतला आणि मांडवात खुर्चीवर बसून लॉग वाचले. लॅपटॉप लागला नाही.

आणि कुठे चालत नाही? दुचाकीच्या हँडलवर. होल्डरचे जबडे नेमके घडीवर दाबतात, वर खड्डे आणि पाऊस. सिंहगडावर, मातीत, एका हाताने फोटो काढायला सुद्धा नको.

२५:४० घ्यायचा असेल तर

एक, ज्या दिवशी घ्याल त्याच दिवशी आतल्या स्क्रीनच्या बदलीचा भाव सेंटरला विचारा. आकडा ऐकून पोटात गोळा आला तर तिथेच थांबा.

दोन, खोक्यावरचा आयपी आकडा वाचा, आणि पहिला अंक विसरू नका.

तीन, वरची फिल्म सोलू नका. सुटायला लागली तर स्वतः दाबत बसू नका, सेंटरवर न्या.

चार, सेकंड हँड घेताना पूर्ण पांढरा फोटो लावून घडीपाशी ठिपका किंवा रेघ दिसते का बघा, आणि कानाजवळ धरून उघडा. कचकच आली तर आत काहीतरी शिरलंय. मी हे केलं नव्हतं.

पाच, रोज जी चार ॲप्स वापरता ती दुकानातच उघडा, काहीतरी टाइप करा आणि फोन मिटून पुन्हा उघडा.

आणि तुमचा दिवस निम्मा दुचाकीवर जात असेल, हप्त्याने महिना ओढत जाणार असेल, तर माझं उत्तर सरळ आहे: आत्ता नको. दोन वर्षं थांबा. वस्तू चांगली होतेय आणि खालच्या किमतीतही यायला लागलीय.

२७:३० शेवट

आईच्या फोनचं काय झालं? आधी मी शहाणपणा केला. स्क्रीनच्या निम्म्याहून कमी पैशांत टॅबलेट आणला. अक्षरं फोनपेक्षाही मोठी. आठवडाभराने बघतो तर टॅबलेट कपाटात, साड्यांच्या वर. म्हणाली, "घरात ठीक आहे रे. पण बँकेच्या रांगेत, डॉक्टरकडे, बसमध्ये कुठे घेऊन फिरू ते ताट?" तिला मोठं पान हवं होतं, पण पर्समध्ये मावणारं. त्यासाठी घडीच लागते.

शेवटी स्क्रीन बदलली. हिशोबात बसतं का? नाही बसत. पण ती स्वतःचं स्वतः वाचते, कोणाला "वाचून दाखव" म्हणत नाही, त्याची किंमत मला लावता आली नाही.

ऑफिसातला तो बग आम्ही दोन आठवड्यांत काढला. टेस्टिंगला आई होती. तिने चार पानं भरली आणि फोन हातात धरून थांबली. "आता बंद करू का रे? उडणार नाही ना?" मी म्हटलं, "कर." तिने मिटला, उघडला. नाव, वय, पत्ता, सगळं जागच्या जागी. तरी अजूनही कुठलंही ॲप बंद करण्याआधी ती तोच प्रश्न विचारते. त्या कोऱ्या पाटीची भीती जायला वेळ लागेल.

तर मंडळी, आज एवढंच. तुमच्या घरात कोणी अक्षरं मोठी करून फोन वापरत असेल, तर आज त्यांचा फोन दहा मिनिटं मागून घ्या आणि तुमची नेहमीची ॲप्स त्यावर चालवून बघा. काय दिसलं ते मला मेसेज करून सांगा. पुढच्या भागात भेटू. तोवर फोन जपून मिटा, आणि पावसात सावकाश चालवा. नमस्कार!